शनिवारची चूल

परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरताना पेणच्या घरात काही वस्तू न विचारता आत जातात. पोह्याचे पापड, मिरगुंडं, पातळ पोहे, कडव्या वालांची पुरचुंडी. मग कुकर, लाटणं, तवा. आणि तवा आत जाता जाता कुणीतरी विचारतंच, ‘‘तिकडे गॅस आहे की सगळं विजेवर?’’

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते सांगतात, भाड्याच्या घरात पुष्कळदा विजेची शेगडी असते. तिच्या वेटोळ्यावर आपली गोल बुडाची कढई डुगडुगते आणि फोडणी जरा जास्त झाली की छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी लंडनला शिकायला गेलेल्यांना आठवतो तो खोलीतला गॅसचा मीटर. त्यात शिलिंगचं नाणं टाकायचं, तेवढ्या पैशांचा गॅस मिळायचा, आणि नाणं संपलं की भात अर्धा कच्चा. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना सर्वसाधारणपणे गॅसची जोडणीच मिळत नाही, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच मिटला. इंडक्शनवर पितळेचं आणि साधं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तापत नाही, हे तिथे पोहोचल्यावर कळतं आणि आजीचं पातेलं शोभेला उरतं.

हे सगळे सोयी-गैरसोयीचे हिशेब झाले. पण आपल्याच जिल्ह्यातून, पेण, रोहा, अलिबाग, पनवेल, मुरूड या भागांतून आणि इथून मुंबईला गेलेल्या घरांतून, १९४८ नंतर काही हजार मराठी माणसं परदेशी गेली. त्यांच्यापुढे गॅस की वीज हा प्रश्न आला तेव्हा त्यात पैशाबरोबर धर्मही होता, जिभेची चवही होती, आणि आपण कोण, याचा दाखलाही होता. मी बोलतो आहे ते बेने इस्रायल समाजाबद्दल.

या समाजाची परंपरा अशी सांगते की, अलिबागजवळ नवगाव किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. हे केव्हा घडलं यावर पंडितांत एकमत नाही, आणि त्या वादात आपण शिरायला नको. पुढचं मात्र स्पष्ट आहे. ही माणसं कुलाब्याच्या गावागावांत पांगली, मराठी बोलू लागली, आणि तेल गाळण्याचा धंदा करू लागली. आडनावं गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, चौलकर, अष्टमकर, झिराडकर, आणि पेण तालुक्यातल्या वाकरुळवरून वाकरुळकर. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये हे शनवार तेली नाव नोंदलेलं आहे.

सगळ्या गावाच्या दिव्याला तेल पुरवणारा माणूस, आणि आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या घरात नवी आग पेटवायची नाही असा त्याचा धर्म. ज्यू धर्मग्रंथात, निर्गमाच्या पुस्तकात, शब्बाथच्या दिवशी घरात विस्तव पेटवण्याला स्पष्ट मनाई आहे. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंतचा काळ. हिब्रू भाषा आणि बरेचसे विधी या समाजाच्या स्मरणातून पुसले गेले, तरी चार-दोन गोष्टी टिकल्या. शनिवार टिकला, सुंता टिकली, ‘शमा’ ही प्रार्थना टिकली, आणि खाण्यातले निषेध टिकले.

त्या निषेधांची एक कथा प्रसिद्ध आहे. डेव्हिड राहबी नावाचे ज्यू गृहस्थ कोकणात आले, तेव्हा ही माणसं खरोखर ज्यू आहेत का, याची त्यांना खात्री करायची होती. त्यांनी म्हणे बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि शिजवायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यूंना तेच मासे चालतात. कथा खरी की रचलेली, कोण जाणे. पण ती टिकली यातच तिचं महत्त्व आहे. या समाजाच्या धर्माची परीक्षा पहिल्यांदा झाली ती देवळात किंवा पोथीत नाही, स्वयंपाकघरात झाली, असं तो समाज स्वतःच सांगत आला. सणांची नावंही तशीच घरगुती. नव्याचा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकाचा सण, आणि एका उपासाचं नाव तर ‘बिरड्याचा रोजा’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा तो दिवस. कोकणात त्याची ओळख सोललेल्या वालांवर झाली. हैम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली या समाजाचा इंग्रजीतून इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, आणि तोही तेल अवीवमध्ये. पुस्तक आधी गेलं, माणसं मागून गेली.

आता शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणजे गार जेवायचं का? तसंही नाही. शब्बाथचे नियम ज्या जुन्या संहितेत आहेत त्या मिश्नेमध्ये चुलीचा खुलासा अगदी कोकणी बाईला कळेल असा आहे. शुक्रवारी उजेड असतानाच हंडी चुलीवर चढवून ठेवायची असेल तर निखारे ओढून काढावेत, नाहीतर त्यांच्यावर राख पसरावी. राख पसरली म्हणजे आच वाढवण्याचा मोह होत नाही. चूल आपली ती आपण धुमसत राहते. आपल्याकडे रात्री विस्तव राखेखाली दडपून ठेवायचा आणि पहाटे फुंकर घालून जागा करायचा, ही रोजचीच रीत होती. कोकणातल्या चुलीला हा कायदा नवा शिकवावा लागणार नव्हता. फरक एवढाच की, शनिवारी फुंकर घालायची नाही.

ही राख लक्षात ठेवा. पुढे ती वेश पालटून पुन्हा येणार आहे.

१९४८ साली इस्रायलचं राष्ट्र झालं आणि बेने इस्रायल कुटुंबं तिकडे जाऊ लागली. त्यांतली पुष्कळशी कोकणातून आधीच मुंबईला येऊन राहिलेली होती. पेण-अलिबागचा माणूस धरमतरहून लाँचने मुंबईला जायचा, आणि मुंबईत शेगडी, कोळसा नि घासलेटचा स्टो यांच्याशी त्याची ओळख व्हायची. घासलेट हा शब्द इंग्रजीतल्या ‘गॅसलाइट’वरून आला असं सांगतात. नावात गॅस आणि डब्यात तेल! स्वयंपाकाचा सिलिंडर मात्र त्या काळात मुंबईतही मूठभर घरांत होता. कोकणात तर तो पुढे कैक वर्षांनी आला. म्हणजे ही माणसं चूल आणि स्टो सोडून निघाली ती गॅस न पाहताच.

ज्या देशात ती उतरली तिथेही परिस्थिती ओढगस्तीची होती. १९४९ ते १९५९ ही इस्रायलमधली शिधावाटपाची वर्षं. अंडी, तेल, साखर, मांस सगळं मोजून. तांदळाची तर इतकी टंचाई की ओसेम कंपनीने पंतप्रधानांच्या सांगण्यावरून गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे काढले. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘बेन गुरियनचा तांदूळ’. ज्याच्या घरात भात, तांदळाची भाकरी, घावन आणि पोहे यांच्यावर आयुष्य चालत आलं, त्या माणसाच्या ताटात तो गव्हाचा भात पडला तेव्हा त्याला काय वाटलं असेल याची कल्पना पेणकरांना सहज यावी.

आणि या दाण्यांखाली आग होती ती ‘प्तिलिया’ची. प्तिलिया म्हणजे वातीचा घासलेटचा स्टो. हिब्रूत ‘प्तिल’ किंवा ‘प्तिला’ म्हणजे पिळलेला धागा, वात. आपण मराठीत ‘पलिता’ म्हणतो. तो फारसीतून आपल्याकडे आला, फारसीत अरबी ‘फतीला’वरून गेला, आणि अरबी फतीला व हिब्रू प्तिला एकाच मुळाचे. कोकणातला तेली परक्या देशात गेला आणि तिथे त्याच्या हाती आला तो पुन्हा पलिताच. प्तिलियाच्या जोडीला पंपाचा प्रायमस असे. प्रायमस स्वीडनचा, १८९२ सालचा. त्याचा भपका मोठा, आवाज मोठा, आच कडक. प्तिलिया अबोल आणि मंद. घासलेटवाला गाडी घेऊन घंटा वाजवीत गल्लीतून जायचा, बायका डबे घेऊन खाली उतरायच्या. भट्टी घरोघरी नव्हती म्हणून मधोमध भोक असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं एक भांडं निघालं, ‘सीर पेले’, म्हणजे चमत्काराचं भांडं. ते प्तिलियावर ठेवून त्यात केक भाजायचा. तव्यावर पातेलं ठेवून वर निखारे घालून भाजणाऱ्या बायकांना त्यात चमत्कार कितपत वाटला असेल, शंका आहे.

प्तिलियाचा एक मोठा गुण होता. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत ती बारीक करून ठेवली की तेल असेपर्यंत जळत राही. वर पत्र्याचा तुकडा आणि पत्र्यावर हंडी. तो पत्रा म्हणजे मिश्नेतली राख. आच झाकली गेली, ती कमी-जास्त करण्याचा मोह संपला. दोष होते तेही सांगायला हवेत. घासलेटचा वास जेवणाला लागायचा, काजळी धरायची, आणि बंद खोलीत रात्रभर जळती वात ठेवून झोपणं हे जिवावरचं काम होतं.

नंतर गॅस आला. इस्रायलमध्ये गॅसच्या दोन टाक्या घराबाहेर, भिंतीलगत ठेवायची पद्धत पडली. एक संपली की दुसरीवर फिरवायचं. दिमोना, लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा, किर्यात गत या गावांत बेने इस्रायल कुटुंबं वसली. दिमोना १९५५ सालचं, अश्दोद १९५६ सालचं. म्हणजे गावंही नवी आणि चूलही नवी. गॅसने कोकणी स्वयंपाकाचे पांग फेडले असंच म्हणायला हवं. तांदळाची भाकरी तव्यावर एका बाजूने शेकून, तवा बाजूला करून थेट विस्तवावर टाकली की तिचा पापुद्रा सुटतो. आतलं पाणी एकदम वाफ होतं आणि तिला वर उचलतं. त्यासाठी चौफेर, झटक्यासरशी उष्णता लागते. प्तिलियाच्या मंद वातीवर हे साधत नाही. गॅसच्या ज्योतीवर साधतं. नव्या वर्षाच्या सणाला करायचा चिकाचा हलवा घ्या. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि तासन् तास ढवळणं. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून या समाजाच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला केवढा मान! तो हलवा घोटताना आच क्षणाक्षणाला कमी-जास्त करावी लागते आणि गॅसची चावी त्यासाठीच जन्मली आहे.

सहा दिवस गॅस उत्तम. सातव्या दिवशी काय?

गॅस शुक्रवारी पेटवून ठेवला तर शनिवारी रात्रीपर्यंत, म्हणजे चोवीस-पंचवीस तास जळणार. पत्रा टाकून तसं करणारी घरं होती. पण ज्योत वाऱ्याने विझली तर गॅस सुटत राहणार, आणि शब्बाथला ती पुन्हा पेटवता येणार नाही. शिवाय टाकी लवकर रिती. तेव्हा लोक विजेकडे वळले, आणि इथे एक फार मजेदार धर्मचर्चा सुरू झाली होती, तिच्याकडे आपणही जरा वळू.

वीज म्हणजे आग का? बाकी जगात हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारला नाही. ज्यू धर्मपंडितांना तो विचारावाच लागला, कारण ग्रंथात विस्तव आहे, बटण नाही. दिव्यातली तार तापून लाल होते. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने, लोहार पाणी पाजण्यासाठी लोखंड तापवतो तेही आग पेटवण्यातच मोडतं, असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे विजेच्या शेगडीचं लाल वेटोळं शनिवारी पेटवणं निषिद्ध, हे ठरलं. पण जिथे काही लाल होत नाही, त्या पंख्याचं काय? ‘हजोन इश’ या नावाने ओळखले जाणारे करेलित्झ, जे १९५३ साली वारले, म्हणाले, तार जोडून प्रवाह पुरा करणं म्हणजे बांधकाम करणं, आणि शब्बाथला बांधकामाला बंदी आहे. जेरुसलेमच्या श्लोमो झाल्मन आउअरबाख यांनी १९३५ साली, वयाच्या पंचविशीत, ‘मेओरेई एश’ नावाचा ग्रंथ केवळ वीज आणि धर्मशास्त्र या विषयावर लिहिला. प्रत्येक युक्तिवाद तपासल्यावर त्यांचा कल असा झाला की, जिथे काही तापून लाल होत नाही तिथे कडक मनाई सिद्ध होत नाही. पण समाजाने न वापरण्याची रीत स्वीकारली आहे, तेव्हा ती पाळावी. पंडित आपला युक्तिवाद संपवतो आणि शेवटी लोकरूढीला मान देतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. हजोन इशच्या काही अनुयायांनी तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. वीजकेंद्रात शनिवारी ज्यू कामगार काम करतात, मग ती वीज आपण कशी वापरायची? म्हणून ते त्या दिवसापुरतं जनरेटर चालवतात.

या सगळ्या चर्चेतून स्वयंपाकघरात आली ती ‘प्लाता’. प्लाता म्हणजे धातूची सपाट पेटी, आत तार, बाहेर एक वायर. आच वाढवण्या-कमी करण्याची चावी तिला नाही. ती मुद्दामच ठेवलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी भिंतीत लावायची, शनिवारी रात्री काढायची. किंवा घड्याळाच्या यंत्राला जोडून ठेवायची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद होईल. जिच्यावर अन्न कच्चं असेल तर शिजणं कठीण, पण शिजलेलं गरम राहतं, अशी ही शेगडी. चुलीतल्या निखाऱ्यांवर पसरलेल्या राखेने पत्र्याचं रूप घेतलं, आणि पत्र्याने विजेच्या या मुक्या तव्याचं. मिश्नेनंतर अठराशे वर्षांनी तोच कायदा भिंतीतल्या प्लगाला जोडला गेला.

वीज धोक्याची नाही असं मात्र कुणी समजू नये. मार्च २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात शब्बाथसाठी चालू ठेवलेल्या अशाच एका विजेच्या तव्यापासून घराला आग लागली आणि एकाच कुटुंबातली सात मुलं गेली. रात्रभर जळत्या वातीशेजारी झोपण्याचा जुना धोका नव्या वेषात तिथेही होताच.

आता या प्लातावर कोकणी जेवण मांडून पाहा, म्हणजे अडचण कळेल. बेने इस्रायल समाज पूजापाठात सेफार्दी रीत पाळतो. सेफार्दी धर्मगुरूंत मोठा अधिकार असलेल्या ओवादिया योसेफ यांनी असा निर्णय दिला की, आधी पूर्ण शिजलेलं कोरडं अन्न शनिवारी सकाळी प्लातावर ठेवून गरम करायला हरकत नाही. पातळ पदार्थ गार झाला असेल तर तो मात्र पुन्हा गरम करता येत नाही, कारण ते शिजवण्यात मोडतं. युरोपातून आलेल्या माणसाचा भाजलेला कोंबडीचा तुकडा या नियमात बसतो. मोरोक्कोच्या माणसाचा रात्रभर मुरणारा हामीन बसतो, तो तर त्यासाठीच जन्मलेला. पण आपल्या जेवणाचा जीव रश्शात! भात कोरडा, चालेल. वालाचं बिरडं अंगासरशी केलं तर बसवता येईल. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार दुपारपर्यंत आचेवर ठेवलं तर दूध फुटणार आणि माशाचा भुगा होणार. गार केलं तर गारच खायचं. आणि भाकरी? प्लातावर भाकरी होत नाही. शुक्रवारची भाकरी शनिवारी गरम करता येते. पण तांदळाच्या शिळ्या भाकरीची गत काय होते हे तुम्हांला मी सांगायला नको.

या अडचणी क्षुल्लक वाटतील. पण हे ज्या वर्षांत घडत होतं ती वर्षं आठवा. १९५१ साली भारतातून गेलेल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी घरं, काम आणि वागणूक यांच्या तक्रारींवरून तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हांला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ साली दीडशेच्या आसपास माणसं खरोखर भारतात परत आली. त्यांतली बरीच पुढे पुन्हा तिकडे गेली. दहा वर्षांनी त्याहून बोचरा प्रश्न आला. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने असा आदेश काढला की, बेने इस्रायल वधूवरांचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची पिढ्यान् पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे तुम्ही पुरते ज्यू आहात का, अशी शंका. ज्या समाजाला कोकणात शेकडो वर्षं गावाने शनिवारवरूनच ओळखलं, त्याच्यावर ही वेळ आली. जेरुसलेममध्ये धरणी झाली, उपोषणं झाली. १९६४ साली संसदेने ठराव करून ही माणसं सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं आणि धर्मपीठाला तो आदेश बदलावा लागला.

अशा काळात शेजारच्या मोरोक्कन किंवा रुमानियन बाईच्या डोळ्यांसमोर शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरात काय दिसतं, याला किती वजन असेल! गॅसची ज्योत दिसते की प्लाता दिसते? माझं मत असं की, कोकणातून गेलेल्या घरात प्लाता आली ती सोयीची म्हणून तर आलीच, पण सगळ्यांना दिसणारी खूण म्हणूनही आली. गावाने ‘शनवार तेली’ म्हटलं होतं, तिथे कुणी कागद मागितला नव्हता. इथे कागद मागत होते. गॅसवरची भाकरी मात्र आठवड्याचे बाकीचे दिवस चालू राहिली आणि तिच्यावर कुणाची हरकत नव्हती. तेव्हा गॅस की वीज, याचं या घरांनी दिलेलं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. जिभेसाठी गॅस, शनिवारसाठी वीज.

एका पदार्थाला मात्र गॅस लागत नाही आणि वीजही लागत नाही. तो म्हणजे मलिदा. लग्न ठरलं, नवं घर घेतलं, आजारातून माणूस उठला, नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नबीच्या नावाने बेने इस्रायल मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात. तिथेही मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुकामेवा, आणि भोवती फळं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात हा विधी नाही. तो निखळ कोकणातला. पोह्यांचा विस्तव गिरणीतच खर्चून झालेला असतो. भात भिजवून, भाजून, चेपून ते घरी येतात, पुढे नुसतं पाणी पुरतं. ज्या तालुक्याच्या पोह्यांनी मुंबईपर्यंत नाव काढलं, त्या तालुक्यात ज्यू घरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा त्याचा लाभ घ्यायला राज्यात काही हजार माणसंच होती. मलिद्याचं ताट मात्र दिमोन्यात आणि अश्दोदमध्ये भरतं, आणि त्याला तिथेही मलिदाच म्हणतात.

गॅस-विजेच्या हिशेबात अलीकडे आणखी एक गंमत झाली आहे. इस्रायलच्या समुद्रात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले. तमार क्षेत्रातून २०१३ पासून आणि लेविआथानमधून २०१९ च्या अखेरीपासून वायू येऊ लागला, आणि आता देशातली बहुतांश वीज त्याच वायूवर तयार होते. म्हणजे शनिवारी प्लाता लावली तरी गॅस जळतोच आहे. फक्त तो स्वयंपाकघराऐवजी वीजकेंद्रात जळतो. धर्मपंडितांना त्यात हरकत नाही, कारण शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत प्लग लावलेला असतो.

पेणहून आज तिकडे शिकायला किंवा कामाला जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की, तिथला विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनांचा आहे. आपला मिक्सर तिथे चालतो, प्लगाची पिन तेवढी वेगळी असते. नव्या इमारतींतल्या घरांत इंडक्शनची काचेची शेगडी दिसू लागली आहे. शनिवारी ती उपयोगाची नाही. भांडं ठेवलं-उचललं हे तिला कळतं आणि तिचा प्रवाह बदलतो, म्हणून धर्म पाळणाऱ्या घरात इंडक्शन असली तरी शेजारी प्लाता लागतेच. पितळेचं पातेलं तिच्यावर तापत नाही. बिडाचा जुना तवा, बूड सपाट असेल तर, झकास तापतो. भाकरी मात्र विस्तव नसल्याने तव्यावरच उलटून, फडक्याने कडा दाबत फुगवावी लागते.